वाट फूसाठी मुक्काम चंपासाकलाच करा

दक्षिण लाओसमधलं वाट फू हे मूळचं शिवाचं जुनं देऊळ पाहायला बहुतेक जण पाकसे शहरात उतरतात आणि दिवसभरात जाऊन येतात. ते टाळा. देवळाचं तोंड पूर्वेला मेकाँग नदीकडे आहे आणि पाठीशी १,४१६ मीटर उंचीचा फू काओ डोंगर. दुपार कलली की गाभाऱ्यावर डोंगराची सावली येते आणि कोरीवकामाचा उठाव जातो. पाकसेहून निघालेल्या सहलीच्या गाड्या पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. चंपासाक गावात राहिलात, तर आठला फाटक उघडताच आत शिरता येतं.

मुंबईहून बँकॉक, तिथून विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने उबोन राचथानी, मग बसने चोंग मेक-वांग ताओ सीमा ओलांडून पाकसे, हा सोयीचा रस्ता. लाओसचा ई-व्हिसा सगळ्याच नाक्यांवर चालत नाही. तुमचा नाका यादीत आहे का, ते अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच तिकिटं काढा. थायलंडमध्ये शिरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट असतं, पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट. परतीला थायलंडमार्गेच येणार असाल तर ते पुन्हा भरायचं, आणि थायलंडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, हेही बघायचं. किप, म्हणजे लाओसचं चलन, पाकसेतच काढून ठेवा. लाओसबाहेर ते कोणी बदलून देत नाही.

पाकसे ते चंपासाक तीस-पस्तीस किलोमीटर. इथे हमखास घोळ होतो. चंपासाक नदीच्या पश्चिम काठावर आहे, आणि दक्षिणेला मेकाँगमधल्या 'चार हजार बेटां'कडे जाणाऱ्या बस पूर्व काठाच्या १३ नंबर रस्त्याने जातात. अशा बसमध्ये बसलात तर लाक ३० या फाट्यावर उतरवतात. तिथून चार-पाच किलोमीटरवर बान मुआंगचा धक्का, मग होडी. दोन नावा शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या असतात, त्यावर मोटारसायकलीसुद्धा चढतात. मजा येते, पण जड बॅगा असतील तर पाकसेहून पश्चिम काठाने जाणारी साँगथेव (मागे बाकं टाकलेली वाटणीची गाडी) किंवा व्हॅनच धरा. साँगथेव सकाळीच मिळतात, दुपारनंतर भरवसा नाही.

गाव म्हणजे नदीला धरून गेलेला एकच रस्ता. मुक्कामाच्या ठिकाणी सायकल भाड्याने मिळते. देऊळ आठ-दहा किलोमीटर, रस्ता सपाट. निघण्याआधी ब्रेक दाबून बघा.

फाटकापासून तळ्याच्या कडेने विजेवरची गाडी सोडते, पुढे चालत. दोन्ही बाजूंना कमळकळीच्या आकाराचे दगडी खांब, मग समोरासमोर दोन चौसोपी इमारती. उत्तरेकडच्या इमारतीच्या डागडुजीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हात आहे. दक्षिणेकडे नंदीमंडप, कंबोडियातल्या अंकोरकडे जाणारा जुना रस्ता तिथूनच निघायचा.

खरी कसोटी त्यापुढच्या पायऱ्यांची. दोन्ही अंगांना चाफ्याची झाडं, पायऱ्या अरुंद, उंच आणि झिजून तिरक्या झालेल्या. चढताना दम लागतो, पण माणसं घसरतात ती उतरताना. आडवं पाऊल टाकून उतरा. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा गुळगुळीत तळव्याचे सँडल नकोत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. माणशी दीड लिटर पाणी घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, कारण गाभाऱ्यात आज बुद्धाची पूजा चालते.

वर घाई करू नका. दारांवरच्या पट्ट्यांमध्ये कंसाला फाडणारा कृष्ण, ऐरावतावरचा इंद्र, गरुडावरचा विष्णू सापडतो. लिंग होतं ते मागच्या विटांच्या खोलीत. कड्यातून झिरपणारं पाणी दगडी पन्हळीने थेट त्याच्यावर आणलेलं होतं; अभिषेकाची अशी कायमची सोय क्वचित दिसते. झरा अजून वाहतो, लोक बाटल्या भरून नेतात. देवळामागे खडकात ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेत, तिथपर्यंत फारसं कोणी जात नाही. उत्तरेकडच्या पाऊलवाटेने खडकातला हत्ती आणि मगरीच्या आकाराचा खड्डा बघा. मगरीशी नरबळीच्या गोष्टी जोडतात, त्यांना ठोस आधार नाही.

संग्रहालय उतरल्यावर, उन्हात. पाचव्या शतकातल्या देवानीक राजाच्या संस्कृत शिलालेखात याच परिसरातल्या तीर्थाला कुरुक्षेत्र हे नाव दिलेलं आहे, एवढं ठाऊक असलं की तिथले दगड बोलू लागतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, मार्च-एप्रिल भाजून काढतो. तिसऱ्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, बहुधा फेब्रुवारीत, इथे जत्रा भरते. त्या दिवसांत खोली आधीच ठरवलेली बरी.

शाकाहाऱ्यांनी पपईच्या कोशिंबिरीवर भिस्त ठेवू नये, तिच्यात पादेक म्हणजे आंबवलेल्या माशाचं पाणी असतं. 'बो साय पादेक' म्हणून ते घालू नका असं सांगता येतं, पण खलबत्ता तोच असतो. चिकट भात, उकडलेल्या भाज्या, केळी सहज मिळतात. चटणी आणि शेंगदाणे घरून न्या. दक्षिणेला बेटांकडे जायचं असेल तर सकाळीच नदी ओलांडून लाक ३० ला उभे राहा, आणि होडीवाल्यासाठी सुटे किप हाताशी ठेवा.