डॉक्टर जॉर्ज मिलर यांचे रस्ते

पणजीतील जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात आता चित्रपटगृह आहे आणि तिथेच २०१५ साली मी 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' पाहिला. इस्पितळ बांबोळीला हलवून बराच काळ लोटला असला, तरी माझ्या आईच्या पिढीतील माणसे त्या जागेचा उल्लेख अजूनही इस्पितळ म्हणूनच करतात. त्या दिवशी हा योग मला विशेष वाटला, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे शिक्षणाने डॉक्टर आहेत, आणि त्यांचे आरंभीचे व नंतरचे चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की त्यांच्यातील डॉक्टर कुठून कुठे गेला, हेच मला सर्वांत आधी दिसते.

मिलर यांनी सिडनीतील इस्पितळात अपघात विभागात काम केले. रस्त्यावर मोडलेली माणसे त्यांनी तिथे रोज पाहिली होती. पहिल्या 'मॅड मॅक्स'साठी पैसा उभा करताना ते डॉक्टर म्हणून तातडीच्या रुग्णांकडे जात आणि निर्माते बायरन केनेडी त्यांची गाडी चालवत. १९७९ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट सुमारे साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत पूर्ण झाला. कॅमेरा डांबरापासून हातभर उंचीवर धावतो, गाड्या खऱ्या वेगाने जातात आणि खऱ्याच आपटतात. परंतु त्याची खरी जरब पाठलागात नाही, तर पाठलागानंतर जे उरते त्यात आहे. नायक मॅक्स पोलीस आहे; त्याचा सहकारी गूज भाजलेल्या अवस्थेत इस्पितळात पडलेला असतो. चादरीखालून त्याचा हात बाहेर घसरतो, आणि आत पडलेली ती वस्तू म्हणजे गूज नव्हे, असे म्हणून मॅक्स तिथून निघून जातो. पुढे मोटारसायकलस्वारांची टोळी त्याच्या बायकोला आणि मुलाला चिरडते, तेव्हा मिलर आपल्याला शरीरे दाखवत नाहीत. रस्त्यावर एक बूट आणि एक चेंडू घरंगळत येतो, एवढेच. गोव्याच्या महामार्गावर अपघातानंतर जमलेली गर्दी ज्याने एकदा तरी पाहिली आहे, त्याला रस्त्याच्या मधोमध पडलेली एकटी चप्पल म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ते दृश्य पाहिल्यावर स्कूटरवरून फोंड्याला परतताना मी वळणावळणावर वेग कमी केला होता.

या पहिल्या चित्रपटात डॉक्टर आहे, पण तो हतबल आहे. तो जखम अचूक ओळखतो, मात्र ती भरून काढण्याचा मार्ग त्याच्याजवळ नाही. शेवटच्या प्रसंगात मॅक्स एका गुन्हेगाराचा घोटा बेडीने गाडीला अडकवतो आणि हाती करवत देऊन सांगतो की, बेडी कापायला दहा मिनिटे लागतील, पाय कापायला पाच. शरीररचनेचे ज्ञान इथे सूडाच्या कामी आले आहे.

१९८१ चा दुसरा भाग वेगाच्या दृष्टीने फार पुढे गेला. त्यातील टँकरचा अखेरचा पाठलाग म्हणजे पुढच्या सगळ्याचे बीजच होय. १९८५ च्या तिसऱ्या भागाविषयी मला फारसे लिहावेसे वाटत नाही, कारण त्यात गाड्यांपेक्षा वेशभूषाच अधिक लक्षात राहते. त्यानंतर तीस वर्षे मॅक्स पडद्यावर आला नाही.

'फ्युरी रोड' हा नुसता भव्य देखावा आहे आणि जुन्या चित्रपटातील कच्चेपणा त्यात हरवला, असे मत मी अनेकदा ऐकले आहे. मला ते मान्य नाही. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या धाववून टिपलेले शेकडो तासांचे चित्रण संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी दोन तासांत बसवले आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. चित्रपटाला एकूण सहा ऑस्कर मिळाली. महत्त्वाची हालचाल बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवल्यामुळे इतक्या जलद संकलनातही डोळा चुकत नाही. १९७९ साली टक्कर झाली की दृश्य तुटत असे, इथे एक टक्कर पुढच्या टकरीला जन्म देते. खलनायकही तोच नट आहे: पहिल्या चित्रपटातील टोळीचे म्होरके ह्यू कीज-बर्न इथे इमॉर्टन जो होऊन येतात, आणि त्यामुळे दोन्ही चित्रपट एकाच हिशेबाची दोन पाने वाटू लागतात.

'फ्युरी रोड'ची नायिका फ्युरिओसा हिची आधीची कथा सांगणाऱ्या २०२४ च्या 'फ्युरिओसा'बाबत मात्र माझी तक्रार आहे. त्यातील काही उड्यांना आणि आपटण्यांना वजन नाही, संगणकाचा हात जाणवतो. तरीही त्यातील नायिका साखळीत अडकलेला हात मागे सोडून निसटते, तेव्हा मला करवत हाती घेतलेला तो १९७९ चा गुन्हेगार आठवला. तेव्हाची क्रूर सूचना इथे एका मुलीने जगण्यासाठी स्वतः घेतलेला निर्णय होते.

पण डॉक्टर मिलर मला खरे भेटले ते 'फ्युरी रोड'च्या अखेरीस. या चित्रपटात मॅक्सच्या पाठीवर त्याचा रक्तगट गोंदलेला असतो आणि त्याला रक्ताची पिशवी म्हणून गाडीच्या पुढ्यात बांधलेले असते, म्हणजे त्याचे रक्त नळीवाटे ओरबाडून घेतले जाते. शेवटी फ्युरिओसाला श्वास घेता येत नाही, तेव्हा हाच मॅक्स तिची क्षमा मागून तिच्या बरगड्यांमध्ये पाते खुपसतो आणि छातीत कोंडलेल्या हवेला वाट करून देतो. मग तीच नळी तो आपल्या हाताला लावतो आणि रक्त तिच्या अंगात जाऊ देतो. गूजच्या खाटेपासून पाठ फिरवून गेलेला माणूस या वेळी रुग्णाचे डोके मांडीवर घेऊन बसतो. तिने आधी नाव विचारले होते, तेव्हा त्याने काय फरक पडतो, असे म्हणून ते टाळले होते. आता रक्त वाहत असताना तो ते आपणहून सांगतो: मॅक्स, माझे नाव मॅक्स.