वैलावरचं पाणी

मे महिन्यातली दुपार. जेवण झाल्यावर हात धुवायला नळ सोडला आणि चटका बसला. सोलापूरकराला यात नवल नाही. गच्चीवरची काळी टाकी ४३ अंशांत तापत असते, आणि संध्याकाळची अंघोळ अंगाला सोसायची तर पाणी सकाळीच बादल्यांत काढून मोरीत झाकून ठेवावं लागतं. हात पुसतोय तोवर इंग्लंडहून भाच्याचा फोन.

"मामा, गरम पाणी येईना की ओ."

मला हसू आवरेना. इथे नळाखाली चहा होईल अशी अवस्था, आणि हा तिथे मे महिन्यात स्वेटर घालून काकडतोय.

भाचा बोटीत राहतो. घरभाडं परवडेना म्हणून त्यानं कालव्यातली एक जुनी बोट घेतली. लांबलचक, पण रुंदीला सात फुटांपेक्षाही थोडी कमीच. आमच्या ताईला अजून वाटतं की हे तात्पुरतं आहे. माझं बोटीचं ज्ञान म्हणाल तर पंढरपूरला चंद्रभागेतली होडी आणि उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी बघायला गेलो होतो ती, एवढंच. पण गरम पाणी हा माझा प्रांत. गीझर, सोलर, जुना बंब, नात्यात कुणाचंही काहीही बिघडलं की आधी मला फोन येतो, मग प्लंबरला. मलाही ते आवडतं. बायकोच्या मते जरा जास्तच.

त्यानं सगळी रचना सांगितली. पलंगाखाली पाण्याची टाकी, टाकीच्या पोटात नळीचं वेटोळं. इंजिन थंड ठेवायला त्यातून जे पाणी खेळतं, ते तापून या वेटोळ्यातून फिरून येतं आणि जाता जाता अंघोळीचं पाणी तापवतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बोट चालली, निदान जागेवर उभ्या उभ्या इंजिन तासभर सुरू ठेवलं, की टाकी गरम. वेगळं जळण काही लागत नाही.

"म्हणजे वैल," मी म्हणालो.

"काय?"

बोटीवरच्या पोराला वैल कुठून माहीत असणार! आजीच्या चुलीला मागच्या अंगाला वैल होता, म्हणजे चुलीला जोडलेली दुसरी लहान चूल. पुढे तव्यावर ज्वारीची भाकरी, आणि तव्याखालून निसटलेला जाळ मागे वैलावर. तिथे बुडाला काजळी धरलेलं एक पितळी पातेलं कायम बसलेलं असायचं. त्याच्यासाठी म्हणून कुणी काडी ओढली नाही की तुराटी मोडली नाही. त्यामुळे अंघोळीच्या पाण्याचा कढतपणा भाकरींच्या संख्येवर ठरायचा. पाहुणे आले की पाणी उकळतं, आणि आषाढी एकादशीला घरभर कोमट अंघोळी. वरईचा भात शिजायला असा कितीसा जाळ लागणार? उपवासाचं पुण्य मला कधी कळलं नाही, पण थंड पाठ आठवते.

बंब होता, पण तो हिवाळ्यापुरता. आमच्याकडचा हिवाळाही असा, की संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली की त्याच्याबरोबर थंडीही गाशा गुंडाळते. तेवढ्या दिवसांत मात्र बंबाचा कायदा कडक असायचा. जेवढं काढलंस तेवढं ओत. तांब्याभर काढलं तर तांब्याभर, बादलीभर काढलं तर बादलीभर गार पाणी वरून घालायचं. धाकटे काका गिरणीच्या भोंग्याच्या घाईत काढायचे भरपूर आणि ओतायचे मात्र नाहीत. एकदा बंब कोरडाच तापला, सांध्याचा डाख वितळला आणि आतलं होतं नव्हतं तेवढं पाणी निखाऱ्यांवर. फस्स करून राखेचा लोट उठला तो थेट वाळत घातलेल्या धोतरावर. आजी काकांना काही बोलली नाही. तिनं ते धोतर तसंच घडी करून त्यांच्या ट्रंकेवर ठेवलं.

भाच्याच्या टाकीलाही तोच कायदा आहे. खालून गार पाणी पंप ढकलतो तेव्हा वरून गरम बाहेर पडतं. आपल्या गीझरचंही तेच. म्हणून तर गच्चीवरची टाकी रिकामी झाली की भरलेल्या गीझरमधून थेंब येत नाही आणि साबण लावलेला माणूस आतून हाका मारत बसतो.

पण त्याचा पंप चालू होता, नळाला पाणी होतं, इंजिन तापत होतं. फक्त पाणी कोमट. मी म्हटलं, "इंजिनकडून वेटोळ्याला दोन नळ्या गेल्यात ना, दोन्हींना हात लावून बघ. जपून."

"एक भाजायलीय. दुसरी गारढोण."

मग झालंच. आत पाणी फिरतच नव्हतं. हवा अडकली होती. गेल्या आठवड्यात त्यानं इंजिनाचं पाणी बदललं होतं, त्यात वेटोळं इंजिनाहून उंचावर, म्हणजे हवेला बसायला हक्काचं पाटावरचं स्थान. आमच्या सोलरचं असंच होतं. सोलापुरात पाणी काही रोज येत नाही, टाकी तळाला गेली की पाइपात हवा शिरते आणि पुढे पाणी येऊनही नळ नुसता खोकतो. सगळ्यात उंचावरचा स्क्रू सैल करायला सांगितला, इंजिन बंद करून आणि निवू देऊन. त्यानं व्हिडिओ लावला. मला त्याचा मोजा आणि बोटीची फळी दिसत होती. आधी नुसता फुसफुसाट, मग बुडबुडे, मग निळसर पाण्याची धार. स्क्रू आवळला, कमी झालेलं पाणी घातलं, इंजिन पुन्हा सुरू. दहा मिनिटांनी तो ओरडलाच, "दुसरी पण तापायली मामा!"

इथे फोन ठेवायला हवा होता. पण आता त्याला सुधारणा सुचू लागल्या. इंजिनाचं पाणी ८० अंशांच्या पुढे जातं, तेव्हा टाकीतलंही जवळपास तेवढंच तापतं. म्हणून नळाच्या अलीकडे आपोआप विसण घालणारा व्हॉल्व्ह बसवतो म्हणाला. बसव. माझी काहीच हरकत नाही, मात्र विसण आपल्या हातानं घालून कोपर बुडवून बघण्यात जे सुख आहे ते व्हॉल्व्हला कळायचं नाही. मग म्हणाला, बोटीच्या बॅटरीवर हीटर लावू का? मी म्हटलं, हजार वॅटला १२ व्होल्टनं भाग. ८३ अँपिअर! अंघोळ होईपर्यंत दिवे जातील. किनाऱ्यावर वीज मिळेल तिथे टाकीत कॉइल घाल, ते शहाणपणाचं.

"नाहीतर सरळ गॅस गीझर लावतो. स्वस्तात जुना मिळतोय एक."

इथे माझा आवाज बदलला असावा, कारण तो गप्प झाला. आपल्याकडे दर हिवाळ्यात पेपरात कोपऱ्यात बातमी असते: बाथरूमचं दार आतून बंद, खिडकी बंद, गॅस गीझर चालू. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणसाचं डोकं दुखतं, गरगरतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि कारण कळत नाही. बोटीत तर सात फुटांची खोली, थंडीनं खिडक्या लावलेल्या. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालच्या फटीतून थोडा तरी बाहेर जाईल. बोटीच्या तळाला फट नसते, असून चालतही नाही. तो तिथेच साचून राहतो, ठिणगीची वाट बघत.

"जुना नको," मी म्हटलं. "घ्यायचाच तर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा, सीलबंद घे, आणि बसवायला परवाना असलेला माणूस बोलाव. तू बसवायचा नाहीस. अलार्म आहे का?"

"आहे की."

"वाजतो का?"

उत्तर आलं नाही. फळ्यांवर पावलं वाजली, मग काहीतरी दाबल्याचा आवाज.

"मामा, बॅटरी संपलीय वाटतं."

"मग आधी दुकानात जा," मी म्हटलं. "अंघोळ उद्या कर."