शिमग्याच्या डीव्हीडी आणि शिरोरेखेचा घोळ

डीव्हीडी कोण बघतं रे आता, असं मला दरवर्षी ऐकवतात आणि ऐकवणारेच नंतर हळूच म्हणतात, काकांसाठी एक बाजूला ठेव हां. आमच्या गावच्या शिमग्याचं शूटिंग, एडिटिंग आणि मग चाकरमान्यांना डिस्क वाटणं हे सगळं माझ्याकडेच असतं. यूट्यूबवर टाकलं की पालखीमागे वाजलेल्या गाण्यावरून कॉपीराइट क्लेम येतो, आणि म्हाताऱ्या माणसांना टीव्हीखालचा प्लेयरच बरा वाटतो, डिस्क सरकवली की झालं.

डिस्क राईट करण्यात, म्हणजे फिल्म डिस्कवर उतरवण्यात, काही विशेष नाही. मास्टरची, म्हणजे एडिट करून तयार झालेल्या मूळ डीव्हीडीची, आयएसओ फाईल (अख्खी डिस्क एकाच फाईलमध्ये) काढायची, राईट करायचं इमेजबर्न सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एकेक ब्लँक घालत बसायचं. डिस्कवर वेग १६एक्स लिहिला असला तरी मी ८एक्सलाच मारतो, दहाएक मिनिटं जातात, आणि व्हेरिफायची (राईट झालेलं नीट वाचता येतंय का ते तपासायची) टिक काढायची नाही म्हणजे नाही, नाहीतर महिन्याभराने डोंबिवलीहून फोन येतो, अरे मधेच अडकतेय.

खरी मेहनत मास्टरमध्ये. आपल्याकडे डीव्हीडी पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत, चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम, आणि मोबाईल बहुतेक ३० वर शूट करतो, ते २५ वर आणलं की पालखी नाचवताना झटके दिसतात, म्हणून शूट करतानाच कॅमेरा २५ किंवा ५० वर ठेवा. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये दोन तास बसतात म्हणे, बसतात पण, फक्त गुलाल उडायला लागला की चित्राचे चौकोन पडतात. मी सव्वा तासावर थांबतो, ज्यांचा नाच कापला जातो ते रुसतात, रुसू देत.

आता लेबल. कागदी स्टिकर कृपा करून लावू नका. जरा तिरका बसला की डिस्क फिरताना थरथरते, आणि उन्हात कडा सुटली की गाडीच्या प्लेयरमध्ये डिस्क अडकलीच समजा. पांढऱ्या प्रिंटेबल डिस्क घ्या आणि डिस्क ठेवायचा ट्रे असलेला इंकजेट प्रिंटर, एप्सन एल८०५ सारखा, कुणाकडे असेल तर मागून आणा. आधी राईट आणि व्हेरिफाय, मग प्रिंट, म्हणजे फेल गेलेल्या डिस्कवर शाई वाया जात नाही. प्रिंट झाल्यावर रात्रभर पसरून ठेवायच्या, लगेच कव्हरात घातल्या की शाई प्लास्टिकला चिकटते.

आणि मराठी नाव गोल फिरवायच्या भानगडीत पडू नका! इंग्रजी अक्षरं वळणावर छान बसतात, आपली शिरोरेखा मात्र जागोजागी तुटते, वेलांट्या भलतीकडे जातात, ‘शिमगोत्सव’चं काहीतरी भलतंच होतं. सरळ दोन ओळी, भोकाच्या वर गावाचं नाव आणि साल, खाली भाग कितवा ते. आतल्या पारदर्शक कड्यावर मार्करने बारीक नंबर टाकतो, कुठली कुणाकडे गेली ते वहीत. बॉलपेन मात्र अजिबात नको, दाबून लिहिलं की डिस्क गेली.

पोरांच्या लॅपटॉपला ड्राईव्हच नसतो, त्यांना तीच फिल्म पेनड्राईव्हवर देतो, पण पेनड्राईव्ह त्यांनी स्वतःचा आणायचा.