विंडोज बदललं आणि ओव्या दिसेनात

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर मी दुकानातल्या डीटीपीच्या (छपाईसाठी पानं लावायच्या) मशीनवर विंडोज 11 टाकून घेतलं. डिस्क फॉरमॅट केली नाही, पण इन्स्टॉलेशन नव्याने. सॉफ्टवेअरं परत टाकायची हे लक्षात होतं, फॉन्ट मात्र डोक्यातून निसटले.

दुसऱ्याच दिवशी एक काका आले. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची 64 पानी पुस्तिका मी 2009 साली लावून दिली होती. आई आता नाहीत, मूळ वहीला वाळवी लागली. उरली ती ही फाईल. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जिथे 'लग्न' होतं तिथे स्मॉल वाय, कॅपिटल एक्स, स्मॉल यू.

"ताई, गेलं का हो सगळं?"

काही गेलं नव्हतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या फाईलमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो मशीनवर नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. अशा वेळी फाईल सेव्ह करू नका, आणि पुन्हा टाइप करायला तर मुळीच बसू नका.

सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' फोल्डर होतं. त्यात 'विंडोज', त्यात 'फॉन्ट्स'. सगळे फॉन्ट तिथे सुखरूप! हे फोल्डर दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून आधी पेनड्राइव्हवर कॉपी घेतली.

मग डबल क्लिक करून फॉन्ट इन्स्टॉल केले. वर्डमध्ये दिसले, पण पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेनात. यात माझा तासभर गेला. हल्ली साध्या इन्स्टॉलने फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना तो सापडत नाही. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडायचं, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं. ओव्या जशाच्या तशा समोर आल्या. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

विंडोजचा स्वतःचा मराठी फॉन्ट 'मंगल' दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाका. प्रिंट रांगेत अडकून बसली तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन प्रिंट स्पूलर रीस्टार्ट करा. माझं तेवढ्यावर भागलं.

आता ती पुस्तिका युनिकोडमध्ये (यात मराठी अक्षरांचेच कोड साठवले जातात) आणतेय, म्हणजे पुढच्या वेळी फॉन्ट शोधत बसायला नको. कन्व्हर्टरने बहुतेक मजकूर नीट दिला, पण 'वाऱ्याच्या'चं 'वार्याच्या' केलं. असं प्रत्येक ऱ्या हाताने तपासावं लागतंय. काका रोज संध्याकाळी येतात, मी वाचते, ते डोळे मिटून ऐकतात आणि चुकलं की थांबवतात. एकोणीस पानं झाली.