मुस्तफाच्या मशीनमध्ये दुसरा बोर्ड, एकही नवं भोक न पाडता

झालं एकदाचं चालू, जुनं व्हिडिओ गेमचं मशीन. दोन्ही बोर्ड (खेळ चालवणारी सर्किटं), एकच पडदा, तीच हँडलं. पण त्याआधीचे तीन रविवार असे गेले, की नवा बोर्ड लावला रे लावला की खेळाऐवजी थेट टेस्ट मेनू, म्हणजे मशीन तपासायचा पडदा, उघडायचा. त्या तीन रविवारांबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण जुना बोर्ड जागेवर ठेवून दुसरा जोडणारा प्रत्येक जण कधी ना कधी याच खड्ड्यात पडतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मशीन कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरचं. आत 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'चा बोर्ड, म्हणजे आपला मुस्तफा. कॅपकॉमने हा खेळ १९९३ साली काढला, त्यात निवडायला चार गडी आहेत, पण आपल्याकडे अख्ख्या खेळाला एकाच गड्याचं नाव पडलं. माझा बोर्ड नक्कल आहे, आणि एका अर्थी बरंच झालं. अस्सल बोर्डात बॅटरी असते, ती संपली की आवाजाच्या प्रोसेसरची कोड उलगडायची किल्लीच पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. नकलेत ती भानगड नाही, म्हणून इतकी वर्षं अडगळीत पडूनही तो बोलतोय.

पार्लरवाल्या मामांनी मशीन देताना पैशांची घासाघीस अजिबात केली नाही. एवढंच म्हणाले, "दुसरं खेळ घाल की, घालू नगं कोण म्हणतंय? पर मुस्तफा काढू नगंस." तिथून नियम ठरला. जुना बोर्ड, जुनं वायरिंग, जुना कंट्रोल पॅनेल जिथल्या तिथं राहणार. जे वाढवीन ते उद्या उपसून काढता आलं पाहिजे. आणि लाकडाला, पत्र्याला नवं भोक नाही.

या नियमाची किंमत लगेच मोजावी लागली. पॅनेलवर माणशी तीन बटणं आहेत. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ला सहा लागतात: तीन बुक्क्यांची, तीन लाथांची, आणि लाथांची बटणं तर जामाच्या (बोर्ड मशीनला जोडायच्या मानकाच्या) मुख्य कनेक्टरवर येतच नाहीत, त्यांना वेगळी वायर ओढावी लागते. म्हणजे तो बाद. 'किंग ऑफ फायटर्स'ला चार लागतात, तोही बाद. 'मेटल स्लग'चं तीनांत भागतं. मित्रांनी शिव्या घातल्या. "सहा भोकं पाडायला काय जातंय भावा तुझं?" काही जात नाही. पण पत्र्याच्या पॅनेलवर हँडलभोवती हजारो मनगटं घासून रंग उडालेला एक अर्धगोल आहे, तो ड्रिलखाली घालायला हात धजला नाही.

लाकूडकाम पटकन सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मशीन गोडाऊनमध्ये गुडघाभर पाण्यात उभं होतं. खालचे सात इंच फुगून बिस्किटासारखे झालेले. सुताराने तेवढा भाग कापून मरीन प्लाय जोडला, आतून पट्ट्या मारल्या. इथे नियम मोडला असं म्हणाल तर म्हणा, पण कुजलेल्या लाकडाला कसलं आलंय भोक.

एका हँडलची दांडी वाकलेली होती. ऑनलाइन अख्खी जॉयस्टिक मिळते, पण बसवायची चौकट वेगळी, म्हणजे परत भोकं. दांडी घेऊन उद्यमनगरात, लेथ-वर्कशॉपच्या वस्तीत गेलो. लेथवाल्याने व्हर्नियर लावला, दांडी दोनदा फिरवली आणि विचारलं, "कशाचं हाय हे?" सांगितल्यावर तो हसायलाच लागला. शाळा बुडवून तोही खेळायचा. ईएन-८ पोलादाची सळई लावली, चहा येईपर्यंत दांडी तयार. वरच्या गोळ्याचे आटे जुन्याच्या मापाने इतके बरोबर पाडले की पंपाच्या शाफ्टचं काम हे लोक कसं करत असतील ते कळलं. पैसे घेईना. शेवटी जबरदस्तीने शंभराची नोट टेबलावर ठेवली.

आता मूळ दुखणं.

जामा म्हणजे ५६ पिनांचा कनेक्टर, अठ्ठावीस वर, अठ्ठावीस खाली. १९८५ पासूनचं हे जपानी मानक आहे, आणि त्याच्यामुळेच जामाचा कुठलाही बोर्ड जामाच्या कुठल्याही मशीनमध्ये बसतो. माझा बेत साधा होता. हार्नेसला, म्हणजे मशीनमधल्या वायरींच्या जुडग्याला, दोन फांद्या काढायच्या, एकीला जुना बोर्ड, दुसरीला नवा मल्टी-गेम बोर्ड. पाच व्होल्ट ज्याला द्यावेत तो चालेल. चित्राच्या चार वायरी म्हणजे लाल, हिरवी, निळी आणि सिंक (चित्र जागेवर धरणारी) रिलेतून, म्हणजे विजेने फिरणाऱ्या स्विचमधून फिरवायच्या, कारण बंद बोर्ड त्या लाइनींवर बसून राहिला तर चित्र काळवंडतं, हे ठाऊक होतं. स्पीकरच्या दोन्ही वायरीही रिलेतून. बटणं मात्र तशीच समांतर जोडली. बटण म्हणजे काय, लाइन ग्राउंडला टेकवणारा स्विच. दोन्ही बोर्डांना टेकली तर बिघडतं कुठं?

बिघडलं. जुना बोर्ड झकास चालायचा. नव्यावर टाकलं की टेस्ट मेनू, आणि आत कर्सर जागच्या जागी थरथरतोय. पहिल्या रविवारी विक्रेत्याला दोष दिला. दुसऱ्या रविवारी पुराला: गंज चढून वायरी आपसात टेकल्या असतील म्हणून अख्खा हार्नेस पिन बाय पिन तपासला. सगळं स्वच्छ. तिसऱ्या रविवारी वैतागून जुन्या बोर्डाचा कनेक्टर उपसला, तर नवा बोर्ड शहाण्यासारखा खेळाच्या यादीवर येऊन उभा!

मग मीटर लावला. कुठलंही बटण न दाबता टेस्टच्या लाइनवर ०.९ व्होल्ट. तिथे पाच हवेत.

कारण असं. प्रत्येक बोर्डावर प्रत्येक इनपुटला पाच व्होल्टकडे ओढून धरणारा एक रेझिस्टर असतो. माझ्या जुन्या बोर्डावरच्या पट्टीवर १०२ छापलंय, म्हणजे एक किलो-ओहम. नव्यावर ४७२, म्हणजे ४.७. जुना बोर्ड बंद असला की त्याची पाच व्होल्टची लाइन शून्यावर येते, आणि जो रेझिस्टर वर ओढायचा तोच आता खाली ओढायला लागतो. नवा बोर्ड ४.७ मधून वर ओढतोय, जुना १ मधून खाली. पाचाला ५.७ ने भागा, उत्तर ०.८८. नव्या बोर्डाच्या दृष्टीने एकूण एक बटण दाबलेलं, टेस्टचंसुद्धा. उलट बाजूने जुना चालू असताना हाच हिशोब ४.१ व्होल्ट देतो, म्हणून त्याची कधी तक्रारच नव्हती. दोघांतला बलवान मेल्यावर त्रास देत होता.

उपाय दोन. एक, बटणांच्या २१ लाइनीही रिलेतून फिरवायच्या: दोन्ही खेळाडूंच्या मिळून सोळा, दोन कॉइन, शिवाय सर्व्हिस, टेस्ट आणि टिल्ट. एका रिलेत दोन लाइनी, म्हणजे आणखी अकरा रिले. दुसरा, प्रत्येक लाइनवर प्रत्येक बोर्डासाठी एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), पट्ट्याची बाजू बटणाकडे. बटण दाबलं की करंट बोर्डाकडून बटणाकडे जातो, पण बंद बोर्ड लाइनीतून काही ओढू शकत नाही. ४२ डायोड. अकरा रिलेंच्या पैशांत असे डायोड पोत्याने येतील.

आधी घरातले १एन४१४८ हे साधे डायोड लावले. चाललं, पण दाबलेल्या बटणाला जुन्या बोर्डाच्या इनपुटवर ०.६८ व्होल्ट उरत होते. टीटीएल, म्हणजे बोर्डावरची जुन्या धाटणीची लॉजिक चिप, ०.८ पर्यंतच 'शून्य' मानायची हमी देते. मायक्रोस्विचचे पॉइंट जुने होतील, त्यात भर पडेल, आणि ऐन मारामारीत उडी लागणार नाही. सगळे काढले, कमी व्होल्ट खाणारे १एन५८१९ लावले. आता ०.२. एकाच रात्रीत ४२ डायोड दोनदा सोल्डर केले, मान अजून धरलेली आहे.

रिलेच्या जोडणीत एक गोष्ट मुद्दाम केली. कॉइलला वीज नसताना रिले ज्या बाजूला पडतो, तिथे जुना बोर्ड आहे. उद्या रिले जळला, माझं जोडकाम कुणी उपटलं, तरी मशीन मुस्तफावरच उघडेल. निवडीचा स्विच कॉइन दाराच्या आत, जुन्या कॉइन काउंटरच्या रिकाम्या पट्टीवर. ती भोकं आधीपासूनच होती. स्विच फिरवायचा तो मशीन बंद करूनच.

पाच व्होल्ट मोजताना पॉवर सप्लायवर मोजू नका, बोर्डाच्या कडेला मोजा. माझ्याकडे सप्लायवर ५.०५ आणि रिले, वायरी पार करून बोर्डावर ४.७० येत होते. ४.७५ च्या खाली टीटीएलचा भरवसा नाही. जाड वायर टाकल्यावर कडेला ४.९५ झाले.

आणि मागच्या बाजूला हात घालणाऱ्यांनो, एलओटीची (पडद्याच्या ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) टोपी बंद मशीनमध्येही वीसेक हजार व्होल्ट धरून बसू शकते. ट्यूबच्या बाहेरच्या ग्राउंडला वायर बांधलेला स्क्रूड्रायव्हर टोपीखाली सरकवून आधी ती रिकामी करा, दुसरा हात खिशात. मल्टी-गेम बोर्डावरचा छोटा स्विच सीजीएवर (१५ किलोहर्ट्झच्या चित्रावर) आहे ना, तेही आधीच बघा. आपला पडदा १५ किलोहर्ट्झचा, व्हीजीएचं ३१ त्याला झेपत नाही. चित्र फाटतं, एलओटी किंचाळते.

कॉइनची गंमत सांगायची राहिली. यंत्र जुन्या एक रुपयासाठी लावलेलं. आताचं एक रुपयाचं नाणं लहान आणि हलकं, ते सरळ परत पडतं. पण २०११ साली आलेलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं, ४.८५ ग्रॅमचं, १९९२ च्या एक रुपयाइतकंच. ते आत टाकलं की क्रेडिट पडतं. यंत्राला हात न लावता दर दुप्पट झाला. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तवाच वाढवाय पायजे हुता."

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नव्या बोर्डाचं चित्र जुन्यापेक्षा बोटभर डावीकडे पडतं. चित्र आडवं सरकवायचा पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर, एकच आहे. मध्ये ठेवला तर दोन्ही थोडे थोडे चुकतात. सध्या मुस्तफा अगदी मधोमध ठेवलाय आणि 'मेटल स्लग'ची डावी कड चौकटीखाली जाते. रिलेवर एक जोड रिकामा आहे, त्यावरून दुसरा पॉट फिरवता येईल असं वाटतंय. पण त्यासाठी पडद्यामागची चॅसिस (त्याचं सर्किट) परत बाहेर काढावी लागेल, आणि या रविवारी घरच्यांनी जोतिबाला जायचं ठरवलंय.