खाडीची वही: ग्रॉफपासून झीलाटेकपर्यंत, आणि मधला 'रोहति'

बाबांच्या तीन वह्या आहेत. १९९८ ते २०१६ या काळात ठाणे खाडीवर पाहिलेले पक्षी: तारीख, भरती की ओहोटी, जागा, नाव, एखादी ओळ शेरा. कोपरीच्या काठावरून, ऐरोलीच्या पुलाजवळून, कधी पलीकडे भांडुपच्या बाजूला जाऊन. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून वह्या कपाटात आणि दुर्बीण खुंटीला. त्यांचं एक छोटं पुस्तक करायचं, ए-५ आकाराचं, घरातल्यांपुरतं आणि बाबांच्या दोन-चार पक्षीमित्रांपुरतं, असं मी दिवाळीत ठरवलं. वर्ड प्रोसेसरमध्ये एकदा प्रयत्न झाला होता. चाळिसाव्या पानावर तक्त्याची एक ओळ वाढली आणि पुढची सगळी पानं सरकली. तेव्हाच ठरवलं की यापुढे मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहील आणि पान मांडायचं काम कमांड लाइनवरचा प्रोग्राम करेल.

पहिली निवड ग्रॉफ, कारण तो लिनक्सच्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर आधीपासूनच होता. मॅन पेजेस, म्हणजे लिनक्समधली मदतीची पानं, तोच तर मांडतो. घराणंही आवडलं. १९६४ साली एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी रनऑफ लिहिला, त्याचा वंश पुढे बेल लॅब्जमध्ये रॉफ, मग जो ओसाना यांचा ट्रॉफ. तिथेच युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांना १९७१ च्या सुमारास जे पीडीपी-११ यंत्र वापरायला मिळालं, त्यामागे पेटंट विभागाचे अर्ज नीट टाइप करून देऊ हे आश्वासन होतं. म्हणजे ज्या युनिक्सच्या जिवावर आपण इतक्या गमजा मारतो, ते मुळात टायपिस्टच्या नोकरीला लागलं होतं! ओसाना १९७७ मध्ये गेले, मग ब्रायन कर्निहॅन यांनी ट्रॉफ कुठल्याही छपाई यंत्रावर चालेल असा बदलला, आणि जेम्स क्लार्क यांनी १९९० च्या आसपास ग्नू प्रकल्पासाठी तो सगळा नव्याने लिहिला. तो ग्रॉफ.

पहिल्या शनिवारी नुसती इंग्रजी आणि शास्त्रीय नावं घेतली. ओळीच्या सुरुवातीला टिंब, पुढे दोन अक्षरं, की झाली सूचना. डॉट-टीएस आणि डॉट-टीईच्या मध्ये टॅब देऊन ओळी टाकायच्या, वर एका ओळीत कुठला रकाना डावीकडे आणि कुठला उजवीकडे ते सांगायचं. बाकीचं टीबीएल हा ग्रॉफसोबतचा तक्ते मांडणारा प्रोग्राम बघतो. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत पीडीएफ तयार. मी तीनदा चालवून पाहिलं, केवळ वेगाची मजा म्हणून.

मग मराठी रकाना घातला.

आधी वॉर्निंगचा पाऊस. 'यू-०९१५' हे अक्षर नाही, 'यू-०९३०' नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ०९१५ म्हणजे क, ०९३० म्हणजे र. युनिकोड मजकूर ग्रॉफला समजेल अशा खुणांमध्ये बदलून देणारा प्रीकॉन्व्ह चालू केला होता, त्यामुळे अक्षर कुठलं ते त्याला कळत होतं, पण त्याच्याजवळच्या पोस्टस्क्रिप्ट (छपाई यंत्रांच्या भाषेतल्या) फाँटांत देवनागरी नाहीच. पानावर मराठीच्या जागी कोरा पट्टा. हरकत नाही म्हटलं. एक देवनागरी फाँट फाँटफोर्ज या प्रोग्राममधून टाइप-४२ या पोस्टस्क्रिप्टला चालणाऱ्या रूपात बदलला, एएफएमटूडिट या कमांडने त्याची माप-फाइल बनवली, ती योग्य फोल्डरात टाकली, आधी पोस्टस्क्रिप्ट काढून मग पीडीएफ. यात दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी अक्षरं उमटली तेव्हा मी स्वयंपाकघरापर्यंत ओरडत गेले.

तेच पान प्रिंट काढून खालच्या मजल्यावरच्या काकांकडे नेलं. काकांनी नौपाड्यातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाचे अक्षरांचे ठसे, जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवली. ऑफसेट आल्यावर तो छापखाना बंद झाला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला आणि विचारलं, "अगं, हा रोहति कोण?"

लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, हा आमच्या पुस्तकाचा नायक. त्याचा 'रोहति' झाला होता. कारण साधं आहे. र्‍हस्व वेलांटी आपण म्हणतो आणि युनिकोडात साठवतो ती व्यंजनाच्या नंतर, पण कागदावर ती व्यंजनाच्या आधी बसते. ग्रॉफ बिचारा फाइलीतल्या क्रमाने एकामागे एक पेट्या ठेवत जातो. ह झाला, मग वेलांटी, मग त. वाचणाऱ्याला ती वेलांटी त-ची वाटते. तोच प्रकार जोडाक्षरांचा. 'खंड्या'चा ड पाय मोडून उभा आणि या त्याच्या शेजारी वेगळा. 'शेकाट्या'चंही तेच. फाँटात जोडाक्षरं होती, ती कधी वापरायची याचे नियमही फाँटातच लिहिलेले होते, पण ते नियम वाचणारा कुणी मधे नव्हता.

काका म्हणाले, "छापून झाल्यावर मॅटर सोडतात ना, खिळे परत खणात टाकायला, तसं दिसतंय हे." मग त्यांनी डिग्रीचे खिळे समजावले. डिग्रीच्या पद्धतीत मूळ अक्षराचा खिळा वेगळा, त्याच्या वरचे मात्रा-अनुस्वार वेगळे, खालचे उकार वेगळे, आणि हे तिन्ही मजले जुळाऱ्याने हाताने रचायचे. अखंड पद्धतीत काना-मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यात ओतलेलं, म्हणून खण जास्त. "वेलांटी आधी घ्यायची हे हाताला ठाऊक असायचं. डोक्याला विचारावं लागत नव्हतं." ग्रॉफला हात नाही, एवढाच त्याचा दोष. टर्मिनलवर मराठी नीट दिसते ती टर्मिनलच्या कृपेने. तिथेही ग्रॉफ काना-मात्रा स्वतंत्र अक्षर म्हणून मोजतो आणि उजवी कड वेडीवाकडी येते.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात वर्षअखेर. काही झालं नाही.

जानेवारीत टेक लाइव्ह, म्हणजे टेक या पान मांडणाऱ्या प्रोग्रामचा सगळा संच, उतरवलं. सगळं घेतलं तर काही जीबी जागा खातं. ग्रॉफनंतर हे म्हणजे डबा आणायला टेम्पो पाठवण्यासारखं आहे. पण त्यातल्या झीटेक या टेकच्या युनिकोड जाणणाऱ्या अवतारात हार्फबझ आहे आणि जोडाक्षरांचे ते नियम वाचणारा हात म्हणजे हार्फबझ. डोनाल्ड कनूथ यांचा टेक १९७८ चा, त्याला देवनागरी माहीत असण्याचं कारणच नव्हतं. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्टहाउस यांनी रोमन लिपीत टाइप केलेला मजकूर आधी एका वेगळ्या प्रोग्राममधून काढून टेकला देण्याची युक्ती केली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक आणला आणि थेट युनिकोड लिहिता यायला लागलं. माझ्या पहिल्या फाइलीत फाँटस्पेक (फाँट निवडणारं पॅकेज), पॉलिग्लॉसिया (भाषा सांगणारं), मुख्य भाषा मराठी, अंक देवनागरी, एवढंच होतं. रोहित पहिल्या झटक्यात रोहित झाला. खंड्याही बसला.

इथे थांबले असते तर पुस्तक केव्हाच झालं असतं. पण काकांना प्रूफ दाखवायची सवय लागली होती.

त्यांनी पहिल्याच पानावर ल आणि श यांना गोल केले. "हे हिंदीचे." खरंच होते. मराठीतला दोन पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श वेगळे दिसतात, आणि युनिकोडात दोन्हींचा क्रमांक एकच. फाँटात सोय असेल तर फाँटस्पेकला लिपी देवनागरी सांगून भागत नाही, भाषा मराठी असंही सांगावं लागतं, मग आकार बदलतात. मी लिपी सांगितली होती, भाषा विसरले होते. दुरुस्त केलं, पण त्या फाँटाचा ठळक श मला आवडेना, म्हणून टिरो देवनागरी मराठीकडे वळले. त्याचे मूळ आकारच मराठी आहेत. ठळक वजन त्यात नाही, म्हणून पक्ष्यांची नावं ठळक न करता एक पॉइंट मोठी केली. चांगलीच दिसतात.

नंतरची भानगड पानोपानी होती, कारण बाबांचा आवडता शब्द 'किनाऱ्यावर'. तिसऱ्या वहीचा जो भाग बाबांनी जुन्या डीटीपी फाँटात टाइप करून घेतला होता, तो उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत. तो कन्व्हर्टरमधून काढला. बाकीचं मी इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केलं. कागदावर दोन्हीकडचा 'किनाऱ्यावर' सारखाच दिसे. ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने शोधलं तर मात्र निम्मेच सापडायचे. माझा ऱ्या नुक्त्याच्या ऱ पासून बनलेला, शिफ्ट-जे. कन्व्हर्टरचा साधा र, हलन्त, मग न दिसणारा शून्यरुंदी जोडक. आणि सात ठिकाणी तो जोडकही गळालेला, तिथे रफार येऊन 'किनार्यावर'. हे सात काकांनी डोळ्यांनी पकडले होते, ग्रेपने नंतर. दर्या आणि दऱ्या यांत काय फरक आहे ते मराठी माणसाला सांगायला नको. सेड या शोधून बदलणाऱ्या कमांडची एक ओळ लिहिली आणि सगळीकडे नुक्त्याचा ऱ केला. साध्या टेक्स्ट फाइलचा हट्ट धरल्याचं समाधान मला सगळ्यात जास्त त्या दिवशी मिळालं.

ओळींमधलं अंतर हा वेगळा जाच. लाटेकचं (टेकवर बसवलेला तयार सूचनांचा संच, झीटेकसोबत तोच झीलाटेक) नेहमीचं अंतर रोमन अक्षरांना पुरतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांटीला जाऊन टेकतो. किती वाढवावं ते कळेना, तेव्हा एका शनिवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसले. १८९३ साली सुरू झालेली आपल्या ठाण्याची संस्था, खिळ्यांच्या छपाईतली पुस्तकं तिथे बघायला मिळतात. फूटपट्टी लावून चार पुस्तकं मोजली. शेजारचे गृहस्थ पेपर खाली करून बघत होते. घरी येऊन अकरा पॉइंटला सतरा ठेवलं. पानं वाढली, पण डोळा अडखळत नाही.

टेकचं खरं देणं परिच्छेदात दिसतं. ग्रॉफ ओळ भरली की तोडतो आणि पुढे जातो. टेक अख्खा परिच्छेद समोर धरून कुठे तोडलं तर एकूण बरं दिसेल ते ठरवतो. कनूथ आणि मायकल प्लास यांनी १९८१ मध्ये ही रीत मांडली. बाबांचे शेरे लांबलचक, शब्दही लांब, त्यामुळे फरक जाणवतो. मराठीसाठी शब्द तोडण्याचे पॅटर्नही तयार मिळतात. फक्त ते सढळ हाताने तोडतात. 'पाणकाव-' एका ओळीत आणि 'ळा' पुढच्या ओळीत एकटा. काकांनी तिथे नुसतं उद्गारचिन्ह काढलं. शब्दाच्या शेवटी निदान चार चिन्हं एकत्र राहावीत असं सांगितल्यावर ळा घरी परतला. ही मोजणी काना-मात्रा धरून होते, अक्षरांची नव्हे, हे लक्षात ठेवा.

सूचीत गंमत झाली. सूची लावणाऱ्या नेहमीच्या मेकइंडेक्सने युनिकोडच्या क्रमांकांवरून लावलेल्या यादीत 'काळा शराटी' आधी आणि 'कावळा' नंतर. युनिकोडात ळ ला ल आणि व यांच्या मधे जागा मिळाली आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. मला हे खटकलंही नव्हतं, बाबांना खटकलं. अपमेन्डेक्स हा सूचीचाच दुसरा प्रोग्राम आयसीयू या युनिकोड लायब्ररीतल्या भाषावार क्रमावर चालतो, त्याला मराठी क्रम सांगितला आणि कावळा वर आला.

सध्याची स्थिती अशी: ११२ पानं, एक मेकफाइल (कुठल्या कमांडी चालवायच्या याची यादी), 'मेक' म्हटलं की वीसेक सेकंदांत सगळं. शेवटी शास्त्रीय नावांचा एक तक्ता आहे, तो सुटा वाटण्यासाठी मी अजूनही ग्रॉफमध्येच काढते. त्यात मराठी नाही, मग टेम्पो कशाला? लांब तक्त्याचं शीर्षक दर पानावर पुन्हा यायला हवं ते येतं, पण पान ५८ वर एकटीच ओळ मागे राहते, ते बाकी आहे. बांधणीच्या बाजूचा समास वाढवायचाय. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पुस्तिकेसारखी पानं लावून मागितली आहेत, ते लाटेकच्या पीडीएफपेजेस या पॅकेजने होईल.

काल प्रूफ बाबांच्या हातात दिलं. मला वाटलं रोहित काढून बघतील. त्यांनी सूचीत टिटवी शोधली. सापडली, पान ३१. वाचून म्हणाले, तारीख चुकलीय, त्या दिवशी आम्ही पुण्याला होतो. मी वही काढली. वहीत तीच तारीख, त्यांच्याच अक्षरात. कुठली छापायची यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.