चादरीआडचा आवाज

जानेवारीचा शेवटचा रविवार म्हणजे आमच्या मंडळाचं स्नेहसंमेलन. १९८९पासून मी या मंडळात आहे, त्यातली बरीच वर्षं चिटणीस होते. या एका दिवसापायी नात्यातली दोन लग्नं चुकवली. घरच्यांनी त्यावरून पुष्कळ ऐकवलं, पण मला कधी वाईट वाटलं नाही.

मंडळ म्हणजे नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवरचं मुलांचं वाचनालय. दोन कपाटं पुस्तकं, एक लांब बाक, खिडकीत पाण्याचा माठ. पूर्वी ते तळमजल्यावर होतं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, मुठेचं पाणी वाड्यात शिरलं आणि पुस्तकांबरोबर इतिवृत्ताच्या वह्याही चिखलात गेल्या. म्हणून आमची सगळ्यांत जुनी वही १९६२ची. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय, ‘वाचनालय माडीवर हलवावे असे सर्वानुमते ठरले.’ त्याच्या आधीचं जे काही आहे ते जुन्या लोकांच्या बोलण्यातून ऐकलेलं.

दीपप्रज्वलन, स्वागत, अहवालवाचन, जमाखर्च हे सगळं होतंच. ते दरवर्षी सारखं असतं, त्यावर लिहीत बसत नाही. मी वाट बघते ती त्यानंतरच्या दोन गोष्टींची. एक सरांचं भाषण आणि दुसरं मुलांचं स्वरचित वाचन.

सर मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष झाले आणि २०११मध्ये गेले, तोवर होते. त्यांचं भाषण दरवर्षी एकच. साल १९०७, गाव जळगाव, कविसंमेलन भरलंय, अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. मोठमोठी माणसं बसलेली आणि त्यांच्यात धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे कविता म्हणायला उभा राहतो. इथे सर आवाज एकदम खाली आणत. पुढे बसलेली मुलं आपोआप सरकून जवळ यायची. ‘आणि अध्यक्षांनी त्या पोराला नाव दिलं बालकवी! मुलांनो, विद्यापीठाची पदवी नव्हे हो, नाव दिलं.’ मग चष्मा काढून पुसत.

बालकवी ५ मे १९१८ला भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, तेव्हा अठ्ठावीस पूर्ण व्हायचे होते. सरांना हे काय ठाऊक नव्हतं? पण इतक्या वर्षांत मुलांसमोर ते एकदाही भादलीपर्यंत गेले नाहीत. जळगावच्या टाळ्यांपाशीच थांबत. मला हे भाषण पाठ होतं, तरी ‘नाव दिलं’ आलं की दरवेळी डोळ्यांत पाणी यायचं. आजही हे लिहिताना आलं.

आता तिच्याबद्दल. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही.

१९९८च्या संमेलनात ती दुसरीत होती. वाड्याच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या भाडेकरूंची मुलगी. वाचनालयात यायची, बाकाच्या अगदी टोकाला बसायची, कुणी नाव विचारलं तर फ्रॉकचा काठ चावायची. आईची इच्छा की मुलीनं चार लोकांत बोलावं, म्हणून तिनं ‘स्वरचित’मध्ये नाव घातलं. नाव पुकारलं तर मुलगी जागेवर नाही. पाच मिनिटं सगळी शोधाशोध. आई रडकुंडीला आलेली. शेवटी मला सापडली ती जिन्यात, चपलांच्या ढिगाजवळ. सगळ्या चपला तिनं ओळीनं लावल्या होत्या, मात्र जोडीजोडीनं नाही. एक कोल्हापुरी, तिच्या शेजारी रबरी स्लीपर, मग कुणाचा तरी बूट.

मी शेजारी पायरीवर बसले. विचारलं, ‘हे काय चाललंय गं?’

बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू म्हणाली, ‘ताई, जोडीतल्या चपला रोज एकमेकींशीच बोलतात. म्हणून मी आज अदलाबदल केली.’ कोल्हापुरीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘ही हिला विचारतीये, तू आज किती पायऱ्या चढलीस?’

वर कुणाचं तरी गाणं सुरू झालं होतं. मी चिटणीस, मला वर असायला हवं होतं. पण मी त्या पायरीवर बसूनच राहिले आणि चपला काय काय बोलल्या ते सगळं ऐकून घेतलं. (संमेलनानंतर आपली चप्पल शोधताना लोकांनी बराच आरडाओरडा केला. मी काही बोलले नाही.)

दुसऱ्या वर्षी सरांनीच मार्ग काढला. म्हणाले, ‘तिला दिसायचं नाहीये, पण ऐकवायचंय. मग नको दिसू दे.’ माडीच्या कोपऱ्यात दोन खिळ्यांना सुतळी बांधून त्यावर सोलापुरी चादर टाकली. लाल-काळ्या चौकड्यांची, माझ्याच घरची. तिच्यामागे एक स्टूल ठेवलं आणि ती आत गेली. चादरीखालून तिची पावलं तेवढी दिसत होती. डावा अंगठा उजव्या पायावर दाबून उभी. स्टुलावर ती बसलीच नाही.

कविता आमच्या वाड्यातल्या नळावर होती. त्यातल्या दोन ओळी अजून आठवतात:

पहाटे पाणी येण्याआधी नळ
खाकरतो आजोबांसारखा.

आधी माडीवर हशा पिकला. मग ज्यांच्या घरी असे आजोबा नुकतेच गेले होते ते हसायचे थांबले. मी त्या वेळी लोकांचे चेहरे बघत होते, म्हणून खात्रीनं सांगते.

तिची आई आदल्या दिवशी सरांकडे वही घेऊन आली होती. ‘खाकरतो’ हा शब्द चारचौघांत बरा दिसत नाही, ‘गुणगुणतो’ करू का, असं विचारायला. सर म्हणाले, ‘वहिनी, नळ खाकरतोच. शब्दाला हात लावू नका.’ सरांनी मराठीसाठी जे जे केलं, त्यात हे एक वाक्य मी फार वर ठेवते.

पुढची पाच वर्षं ती चादरीआडून वाचत होती. पाऊस, लक्ष्मी रोडवरच्या दुकानातले बिनडोक्याचे पुतळे, घरी न परतलेली मांजर. एका वर्षी तिनं वाडा झोपेत काय बडबडतो यावर लिहिलं. तुळया, कड्या, जिना, सगळ्यांना त्यात वेगवेगळी वाक्यं होती. वाडा पडायचा हे तेव्हा मोठ्यांच्या बोलण्यात होतं. मुलांच्या कानावर जात नाही असं आपण समजतो.

एक सल अजून आहे, तो लिहिते. एका वर्षीच्या पाहुण्यांनी, तेही तासभर उशिरा येऊन, भाषणात सांगितलं की असं पडद्यामागून बोलणं बरोबर नाही, मुलांमध्ये आत्मविश्वास यायला हवा, आयोजकांनी विचार करावा. ती तेव्हा चादरीआडच होती, सगळं ऐकत. त्यांनी वाचनातला एकही शब्द ऐकलेला नव्हता. आभार मानायचं काम माझं होतं, मी त्यांचे आभार मानले, नारळ दिला. पण पुन्हा त्यांना बोलावू दिलं नाही.

उपस्थितीबद्दलही बोलायलाच हवं. आपल्या मुलाचं झालं, फोटो काढला, की उठून चालू पडणारे पालक दरवर्षी असतात. ज्या वर्षी तिनं वाड्याची कविता वाचली, त्या वर्षी शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. वाचन सुरू होईपर्यंत मोजून सव्वीस लोक उरले. आणि बटाटेवडे आले तेव्हा परत सत्तर! मला हे अजून खुपतं. कोथरूडला, सिंहगड रोडला राहायला गेलेले आमचे जुने सभासद पार्किंगचं कारण सांगतात. आता मंडईत मेट्रोचं स्टेशन झालंय, तरी तेच कारण. आणि हडपसरच्या एक आजी, दोन बस बदलून, गुडघ्याला पट्टा बांधून दरवर्षी वेळेआधी हजर. त्यांचं नातवंडही नसतं कार्यक्रमात. ‘पोरं काय लिहितात ते ऐकायला येते,’ म्हणतात.

२००४ला तो वाडा बिल्डरकडे गेला. वाचनालयाची कपाटं एका सभासदाच्या गॅरेजमध्ये ठेवली आणि संमेलन जवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये घेतलं. स्वच्छ, पांढरा, ट्यूबलाइटचा हॉल. चादर मी पिशवीत घालून नेली होती, पण खिळा कुठेच नाही आणि हॉलवाले भिंतीला हात लावू देईनात. ती तेव्हा तेरा वर्षांची. तिनं भिंत पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही घरी जाणार.

ती म्हणाली, ‘ताई, मी सतरंजीवर बसूनच वाचू?’

आणि ती शेवटून दुसऱ्या ओळीत, लहान मुलांच्या मध्ये मांडी घालून बसली आणि वही गुडघ्यावर ठेवून वाचायला लागली. माइक नव्हता. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक आधी गोंधळले, मग एकेक करून खुर्च्या मागे फिरल्या. पाच मिनिटांत अख्खा हॉल उलटा झाला होता. स्टेज सगळ्यांच्या पाठीशी, आणि तोंडं त्या सतरंजीकडे. सर तर खुर्ची सोडून खाली येऊन बसले, त्या वयात. तेव्हापासून आमच्याकडे पद्धतच पडली. ज्याला जिथून वाचायचंय तिथून त्यानं वाचावं.

कॉलेजात गेल्यावर ती नाटकवाल्यांत रमली. पुरुषोत्तम करंडकासाठी त्यांच्या एकांकिकेतलं गाणं तिनं लिहिलं होतं. भरत नाट्य मंदिरात मी प्रयोगाला गेले. ती अर्थातच विंगेत. नंतर नोकरी लागली, दिवाळी अंकांतून कविता येऊ लागल्या. मी अंक आणून तिचं पान उघडं ठेवून वाचनालयाच्या बाकावर ठेवायची. नव्या सोसायटीत आम्हाला तळमजल्यावर एक खोली मिळाली आहे. तळमजला म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता, पण दुसरी नव्हती.

२०१९च्या नोव्हेंबरात तिचा पहिला संग्रह आला. प्रकाशन टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात. सर असते तर त्यांनी सांगितलं असतं की माधवराव पटवर्धन म्हणजे माधव जूलियन, आणि १९२३ला याच पुण्यात रविवारी चहाला जमणाऱ्या मित्रांचं जे रविकिरण मंडळ झालं, त्यातले ते. रविवार, चहा आणि कविता, आपलंही तेच की. सरांनी हे नक्की जोडून दाखवलं असतं. ते नव्हते, म्हणून मीच शेजारी बसलेल्या हडपसरच्या आजींना सांगितलं.

त्या दिवशी तिला स्टेजवर बसावंच लागलं. साडी नेसली होती. वाचायला उठली तेव्हा मी तिसऱ्या रांगेतून पहिल्यांदा पायांकडे पाहिलं. डावा अंगठा उजव्या पायावर. वाचली मात्र सरळ समोर बघत, एकही शब्द न गिळता. संग्रहात नळाची कविता आहे. दुसरीकडे बरेच शब्द बदललेत तिनं, ‘खाकरतो’ तसाच ठेवलाय.

मनोगतात तिनं मंडळाचं नाव घेतलं, सरांचं घेतलं, माझंही घेतलं. पण असं एकदोन नावांवर भागत नाही. संमेलन कुणाकुणाच्या हातांवर उभं राहतं ते मला माहीत आहे. पेटीवाल्या आजी आणि त्यांच्यामागे त्यांच्या सूनबाई. रिक्षातून तबला आणणारे दादा, ज्यांनी कधी रिक्षाचे पैसे घेतले नाहीत. सतरंज्या देणारे गणपती मंडळाचे कार्यकर्ते. माइकवाले मामा. अप्पा बळवंत चौकातले ते दुकानदार, जे बक्षिसाच्या पुस्तकांवर न मागता सवलत देतात आणि एक पुस्तक जास्त टाकतात. बटाटेवड्यांचं सारण आदल्या रात्री घरी करणाऱ्या तिघी जावा. रांगोळी घालणाऱ्या दोघी बहिणी, त्यातली थोरली आता नाही. अध्यक्षांसाठी घरून लोड आणणारे काका. संपल्यावर झाडू मारणाऱ्या मावशी आणि त्यांचा मुलगा, तो आता बँकेत आहे पण त्या दिवशी झाडू घेतोच. वाडामालक, ज्यांनी माडीचं भाडं चाळीस वर्षं वाढवलं नाही. फोटो काढणारा शेजारचा मुलगा. प्रमाणपत्रांवर सुंदर अक्षरात नावं घालणारे पोस्टातले निवृत्त काका. कुणी राहिलं असेल तर मला फोन करून सांगा, मी अहवालात घालीन.

आणि एक राहिलंच होतं, गेल्या वर्षीच्या अहवालातही राहिलं, त्याची मला फार चुटपुट आहे. पहिल्या वर्षी, नळाच्या कवितेच्या वेळी, चादरीचा डावा खिळा निखळला होता. सुतळी सुटली आणि चादर घसरायला लागली. तेव्हा वाड्यातल्या शिवणकाम करणाऱ्या काकू पटकन उठल्या, हात वर करून सुतळीचं टोक धरलं आणि कविता संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा खांदा दुखरा होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आत उभ्या असलेल्या मुलीला खिळा निघाल्याचा पत्ताही लागला नाही. तिला हे मी प्रकाशनाच्या दिवशी सांगितलं. ती काही बोलली नाही, बराच वेळ माझा हात धरून ठेवला.

काकू आता मुलाकडे नाशिकला असतात. या वर्षी त्यांना येण्याजाण्याचं तिकीट पाठवायचं समितीत ठरवून घेतलंय. चादर काल गच्चीवर उन्हात घातली. एका कोपऱ्याला सुतळीनं विरलीये, तेवढी त्यांच्याकडूनच शिवून घेईन.